सफरचंदावरची कीड : प्रश्न बागेचा की खोऱ्याचा?

सफरचंदाच्या झाडावर पोट भरणाऱ्या किडींची यादी लांबलचक आहे. पण बागायतदाराच्या हिशेबात त्यांचे प्रकार दोनच. एक, थेट फळात शिरणारी कीड. दुसरी, पान, फांदी, खोड किंवा मूळ यांवर जगणारी. पहिलीला क्षमा नाही. पेटी फोडल्यावर दोन-चार फळांत अळी निघाली, तर व्यापारी ती दोन-चार फळे वगळून भाव लावत नाही, सगळ्या मालाकडेच संशयाने पाहतो. दुसरीचे मात्र काही प्रमाणात चालवून घेता येते. निरोगी झाडाला थोडी पाने गेली तर कळतही नाही, आणि मावा दिसला म्हणजे पीक बुडाले असे होत नाही. हा फरक वरवर पुस्तकी वाटतो. तरी सफरचंदाच्या बागांतील कीड नियंत्रणाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो, कारण पहिल्या प्रकारच्या किडीवर झालेल्या फवाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारच्या किडी माजवल्या. आपल्या दृष्टीने गमतीचा, खरे तर खेदाचा भाग असा की, हिमाचल आणि काश्मीरच्या बागांत पहिल्या प्रकारातली सर्वांत मोठी कीड नाहीच. तरीही फवारणीची सवय आपण तिथलीच उचलली, जिथे ती आहे.

ती कीड म्हणजे कॉडलिंग पतंग. मध्य आशियातल्या ज्या डोंगरांत सफरचंदाचा उगम मानला जातो, त्याच भागातून हा पतंग फळाच्या मागोमाग जगभर पोहोचला. करड्या रंगाचा, नखाएवढा हा जीव संध्याकाळी उडतो. मादी पानांवर आणि फळांवर सुटी सुटी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी बहुधा दिवसभराच्या आतच फळात शिरते आणि गाभ्यातल्या बियांकडे वाट काढते. एकदा आत गेली की बाहेरचे कोणतेही विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पुढे पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून खोडाच्या सालीखाली कोश विणते आणि तिथेच हिवाळा काढते. थंड प्रदेशात तिची वर्षाला एक पिढी होते, उबदार खोऱ्यांत दोन-तीन. म्हणजे बागायतदाराच्या हाती असतात ते अळी उघड्यावर असण्याचे काही तास, तेही वर्षातून दोन-तीनदाच, आणि ते नेमके कधी येणार हे वर्षानुवर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. वेळ माहीत नसली की माणूस झाडावर सतत विषाचा थर ठेवण्याचा मार्ग पत्करतो. फवारणीचे कॅलेंडर या अज्ञानातून जन्माला आले.

तो थर प्रथम आर्सेनिकचा होता. अमेरिकेत १८७० च्या दशकात पॅरिस ग्रीन हे तांबे आणि आर्सेनिकचे संयुग सफरचंदांवर मारले जाऊ लागले. १८९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये जिप्सी पतंगाच्या अळ्यांसाठी लेड आर्सेनेट आले आणि लवकरच ते कॉडलिंग पतंगावरचे मुख्य औषध बनले. ते पानाला चिकटून राही, पाने फारशी जळत नसत, शिवाय स्वस्त होते. १९२० च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये अमेरिकी सफरचंदांवरच्या आर्सेनिकचा बोभाटा झाला, तेव्हा अमेरिकेतल्या उत्पादकांनी फवारा कमी करण्याऐवजी फळे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुण्याची यंत्रे बसवली. याच दशकाच्या अखेरीस कोलोरॅडोतल्या अळ्या इतर ठिकाणच्या अळ्यांपेक्षा हे विष अधिक पचवतात, असे प्रयोगांत दिसू लागले. उपाय काय निघाला? आणखी फवारे. शिसे आणि आर्सेनिक यांचे विघटन होत नाही. त्यामुळे वॉशिंग्टन राज्यातल्या जुन्या बागांच्या जमिनीत ती आजही सापडतात. तिथे घरे, शाळा उभ्या राहिल्या, आणि माती साफ करण्याचा खर्च नातवंडांच्या पिढीवर आला.

कीड विषाला सरावते हे तेव्हाही अज्ञात नव्हते. १९१४ मध्ये वॉशिंग्टनमधील कीटकशास्त्रज्ञ ए. एल. मेलँडर यांनी एक साधा प्रश्न छापील शोधनिबंधात विचारला होता : कीटक फवाऱ्यांना दाद देईनासे होऊ शकतात का? त्यांच्यासमोरचे उदाहरण सॅन होजे खवले किडीचे होते. मूळ चीनमधली ही कीड १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे पोहोचली आणि रोपवाटिकांतल्या कलमांवर बसून पुढे देशभर पसरली. तिच्यावर चुना-गंधकाचा काढा चाले. मेलँडर यांना काही बागांतली कीड त्याला जुमानत नसल्याचे दिसले. कीटकांच्या प्रतिकारशक्तीची ही पहिली शास्त्रीय नोंद मानली जाते, आणि ती सफरचंदाच्या बागेतली आहे. नोंद झाली, वाचली गेली आणि बाजूला पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि क्षणभर सगळे प्रश्न सुटल्यासारखे झाले. कॉडलिंग पतंगावर त्याचा परिणाम लेड आर्सेनेटपेक्षा कितीतरी सरस होता. पण दोन-तीन हंगामांतच बागांची पाने तपकिरी पडू लागली. पानाच्या मागे बसून रस शोषणारे तांबडे कोळी, ज्यांची आधी कोणी फारशी दखल घेत नसे, ते मुख्य कीड बनले. त्यांना खाणारे परभक्षी कोळी आणि ढेकूण डीडीटीने मेले, कोळी मात्र वाचले. लोकरी माव्याचेही तेच झाले : त्याच्यावर जगणारी चिमुकली गांधीलमाशी नाहीशी झाली आणि फांद्या पांढऱ्या कापसाने भरून गेल्या. मग कोळ्यांसाठी वेगळे औषध, माव्यासाठी वेगळे. आणि १९५० च्या दशकात खुद्द कॉडलिंग पतंगही डीडीटीला सरावला. एका किडीसाठी सुरू झालेली फवारणी आता तीन किडींसाठी करावी लागत होती, आणि त्यातल्या दोन फवारणीनेच निर्माण केलेल्या होत्या. हा प्रकार इतका स्वच्छ आणि इतक्या ठिकाणी घडला आहे, की त्याला अपवाद म्हणून झटकून टाकता येत नाही.

यातून बाहेर पडण्याची पहिली गंभीर वाट कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात निघाली. ॲनापोलिस खोऱ्यात ए. डी. पिकेट आणि त्यांचे सहकारी १९४० च्या दशकात एका विचित्र गोष्टीचा माग काढत होते : वर्षानुवर्षे काटेकोर फवारणी होणाऱ्या बागांतच शिंपल्याच्या आकाराची खवले कीड का वाढते? उत्तर कीटकनाशकात नव्हते, ते बुरशीनाशकात निघाले. स्कॅब रोगासाठी मारले जाणारे गंधक खवले किडीच्या शत्रूंना मारत होते. बुरशीनाशक बदलले तशी कीड ओसरू लागली. तिथल्या बागायतदारांनी मग कमी विषारी द्रव्ये, योग्य वेळ आणि मित्रकीटकांना जागा, असा कार्यक्रम स्वीकारला. रेचल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये (१९६२) पिकेट यांच्या कामाची मुद्दाम दखल घेतली आहे. १९५९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चौघा कीटकशास्त्रज्ञांनी आर्थिक नुकसान पातळीची कल्पना नीट मांडली : किडीने होणारे नुकसान नियंत्रणाच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल, तरच हस्तक्षेप करावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅन्ली हॉइट यांनी वॉशिंग्टनच्या बागांत दाखवून दिले, की कॉडलिंग पतंगासाठी वापरल्या जाणाऱ्या विषाला सरावलेले परभक्षी कोळी जपले, तर तांबड्या कोळ्यांवर वेगळा फवारा लागत नाही. प्रतिकारशक्ती मित्रकीटकांतही येते. फक्त त्यांना ती येईपर्यंत टिकू द्यावे लागते.

तरी फळात शिरणाऱ्या अळीचा मुख्य प्रश्न तसाच होता, आणि तो सुटला वेळेच्या ज्ञानाने. १९७१ मध्ये कॉडलिंग मादीच्या कामगंधाचे रसायन ओळखले गेले. त्यामुळे तो गंध लावलेल्या सापळ्यात नर केव्हा येऊ लागले हे कळू लागले. त्या दिवसापासून रोजच्या तापमानातली दहा अंश सेल्सिअसवरची ऊब बेरजेने मोजायची. ती बेरीज सुमारे १४० अंश-दिवसांवर पोहोचली की अंडी उबायला लागतात. फवारा तेव्हा. थंड वर्षी तो दिवस पुढे जातो, गरम वर्षी अलीकडे येतो, आणि कॅलेंडर दोन्ही वेळा चुकते. याच कामगंधाचा दुसरा उपयोग अधिक धाडसी निघाला. एकरी चारशेच्या आसपास गंधवाहक नळ्या झाडांवर बांधल्या, की हवेत सगळीकडे मादीचा वास दरवळतो आणि नराला खरी मादी सापडत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र अमेरिकेत विक्रीला आले आणि लगेच त्याची मर्यादाही उघड झाली : लहान, एकट्या बागेत ते नीट चालत नाही. शेजारच्या बागेत मीलन झालेली मादी कुंपण ओलांडून येते आणि अंडी घालते. तिला तुमच्या बागेतल्या वासाचे काही देणेघेणे नसते.

कीड नियंत्रणाचे एकक बदलायला हवे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा इथून सुरू होतो. सातबारा माणसाचा असतो. पतंग, मावा आणि खवले किडीची वाऱ्यावर तरंगणारी पिल्ले तो ओळखत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९५ पासून वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या पाच ठिकाणी लागून असलेल्या बागांचे गट करून सगळ्यांनी एकाच वेळी कामगंधाचे तंत्र वापरण्याचा प्रकल्प चालवला. सापळ्यांची नोंद सामाईक, सल्लागार सामाईक. फवारे घटले, फळांचे नुकसान वाढले नाही, आणि प्रकल्प संपल्यावरही बागायतदारांनी पद्धत सोडली नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या ओकानागन खोऱ्याने आणखी पुढे जाऊन १९९२ मध्ये कायदेशीर मंडळ स्थापन केले. ओसोयूस गावी कॉडलिंग पतंग पैदा करून, किरणोत्साराने नपुंसक करून ते बागांत सोडले जाऊ लागले. सापळ्यात ओळखता यावेत म्हणून त्यांच्या खाद्यात लाल रंग मिसळलेला असे. खर्च बागायतदारांसह त्या भागातल्या सर्वसाधारण करदात्यांनीही उचलला, आणि कोणी बेवारस सोडलेली झाडे काढून टाकायला लावण्याचा अधिकार मंडळाला दिला गेला. रानटी पतंगांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्या मंडळाची आकडेवारी सांगते. नपुंसक पतंग हे महागडे तंत्र आहे, ते सर्वत्र चालेल असे नाही. पण गावातल्या ज्या माणसाकडे एकही झाड नाही, त्यानेही कर भरावा हा निर्णय तंत्रापेक्षा महत्त्वाचा होता.

आता आपल्याकडे यावे. १९१६ च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स यांनी सिमल्याजवळच्या कोटगढला अमेरिकी डेलिशस जातीची कलमे आणली, आणि हिमाचलच्या डोंगरांची अर्थव्यवस्था बदलली. आज देशातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश काश्मीरमधून येतात, उरलेल्यांत हिमाचलचा वाटा मोठा. या बागांतल्या मुख्य किडी पाहा : सॅन होजे खवले कीड, लोकरी मावा, तांबडे कोळी आणि दोन-ठिपक्यांचे कोळी, मुळे पोखरणारी अळी, हुमणी, आणि गेल्या काही वर्षांत काश्मीरमध्ये पानांवर गोल तपकिरी डाग पाडणारी पानपोखरणी अळी. फळ खरवडणाऱ्या अळ्या आणि बहरातले फुलकिडे आहेत. खवले कीड फळावर लाल ठिपके पाडून त्याची प्रतही उतरवते. पण वॉशिंग्टनच्या बागायतदाराची झोप उडवणारी ती अळी भारतात मुख्यतः लडाखपुरती मर्यादित राहिली आहे. म्हणजे इथला बागायतदार दुसऱ्या प्रकारच्या, काही अंशी सोसता येणाऱ्या किडींशी झगडतो आहे. ज्या सक्तीपोटी अमेरिकी बागांवर विषाचा सततचा थर चढला, ती सक्ती इथे नव्हतीच.

या किडींवरचे सर्वांत चांगले उपायही विषाचे नाहीत. सॅन होजे खवले किडीवर खनिज तेलाचा फवारा कळ्या फुटून हिरवे टोक अर्धा इंच बाहेर आले की मारतात : दोनशे लिटरच्या ड्रममध्ये चार लिटर तेल. तेल किडीचा श्वास कोंडते, कोळ्यांची हिवाळ्यातली अंडीही मारते, आणि शंभरावर वर्षे वापरात असूनही त्याला सरावलेली कीड सापडलेली नाही. त्याची अट एकच, झाड नीट न्हाऊन निघाले पाहिजे. छाटणी न केलेल्या दाट झाडावर ते फुकट जाते. लोकरी माव्यावर उत्तर अमेरिकेतून जगभर नेलेली ॲफेलिनस मॅली ही गांधीलमाशी १९३० च्या दशकात भारतात आली आणि कुलू-सिमल्याच्या बागांत स्थिरावली. ती फांद्यांवरचा मावा आवरते, जमिनीखाली मुळांवर पोहोचत नाही. तिथे खुंट कामी येतो : इंग्लंडमध्ये ‘नॉर्दर्न स्पाय’ या प्रतिकारक जातीपासून तयार केलेले एमएम-१०६, एमएम-१११ हे खुंट माव्याला थारा देत नाहीत. वर गांधीलमाशी, खाली खुंट. अशी जोडी जमली की बागायतदाराला फारसे काही करावे लागत नाही. सध्या अतिघन लागवडीसाठी काश्मीर-हिमाचलमध्ये एम-९ खुंटाची रोपे मोठ्या संख्येने येत आहेत. उत्पादनाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण एम-९ माव्याला बळी पडतो, ही गोष्ट अनुदानाच्या माहितीपत्रकांत ठळक अक्षरांत असायला हवी.

कोळ्यांचे प्रकरण तर हुबेहूब डीडीटीच्या अमेरिकी अनुभवाची आवृत्ती आहे. हिमाचलमध्ये तांबडे कोळी मोठी समस्या बनले ते १९९० च्या दशकात, म्हणजे फवारण्या नियमित आणि व्यापक होऊन गेल्यावर. सोलनजवळच्या नौणीचे डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठ आणि श्रीनगरजवळचे शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठ दरवर्षी फवारणीचे वेळापत्रक तयार करतात. कळीच्या, फुलांच्या, फळांच्या अवस्थांवर ते बेतलेले असते, फुलोऱ्यात मधमाश्यांसाठी कीटकनाशक वर्ज्य असते, आणि बऱ्याच कीटकनाशकांपुढे ‘कीड आढळल्यास’ अशी अट असते. कागदावर हे सगळे ठीक. पण या वेळापत्रकाचा कणा स्कॅब आणि पानगळ या बुरशीजन्य रोगांचा आहे, आणि रोगप्रतिबंधक फवारा ठरावीक अंतराने द्यावाच लागतो. ड्रम भरलाच आहे, मजूर आलेच आहेत, मग त्यातच थोडे कीटकनाशक टाकून देऊ, असा व्यवहार होतो. अट गळून पडते, तारीख उरते. त्यातच मॅन्कोझेबसारखी सर्रास वापरली जाणारी बुरशीनाशके परभक्षी कोळ्यांना घातक आहेत, हे पिकेट यांच्या गंधकाची आठवण करून देणारे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की फवारणी सोडून दिली तर झाडच जगणार नाही. आक्षेप बरोबर आहे, फक्त तो या मांडणीला लागू होत नाही. सफरचंदाची प्रत्येक बाग एकाच कलमाच्या हजारो प्रतींची असते. कीड दर पिढीत बदलते, झाड बदलत नाही. जपानमधील आओमोरीच्या अकिनोरी किमुरा यांनी सगळी रसायने थांबवली, तेव्हा झाडांची पाने गळाली आणि जवळजवळ दशकभर बाग फळाविना राहिली. पुढे त्यांना यश आले आणि त्यांच्यावर पुस्तके, चित्रपट निघाले. प्रेरणा म्हणून ही कथा मोठी आहे. धोरण म्हणून ती वापरणे क्रूर ठरेल, कारण दहा वर्षे उत्पन्न नसलेले कुटुंब बाग विकून मोकळे होते. हिमाचल सरकारने २०१८ पासून नैसर्गिक शेतीला जे प्रोत्साहन दिले, त्यात सफरचंद उत्पादकही आहेत. तिथेही यशाचे मोजमाप ‘काय फवारले नाही’ यापेक्षा ‘कीड कुठपर्यंत पोहोचली’ यावर झाले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वर्षाचे सगळे उत्पन्न एका पिकावर असलेला माणूस विम्याचा हप्ता म्हणून एखादा फवारा जास्त मारतो, यात मूर्खपणा कुठे आहे? कुठेच नाही. त्याच्या एका हंगामाच्या हिशेबात तो फवारा शहाणपणाचाच आहे. अडचण अशी की त्या फवाऱ्याची किंमत पुढच्या वर्षी कोळ्यांच्या रूपाने येते, आणि तीही बऱ्याचदा शेजाऱ्याच्या बागेत. शिवाय त्याला सल्ला देतो कोण? बहुतेक ठिकाणी औषधांचा दुकानदार. सल्ला फुकट मिळतो, बाटलीचे पैसे लागतात. ज्याचे पोट बाटल्यांवर आहे त्याने ‘यंदा गरज नाही’ म्हणावे, अशी अपेक्षा ठेवणे माणसाच्या स्वभावाला धरून नाही. म्हणून शेतकऱ्याला उपदेश करण्यापेक्षा सल्ला आणि विक्री वेगळी करणे जास्त उपयोगाचे. न्यूझीलंडने १९९६ पासून सफरचंदासाठी जी एकात्मिक उत्पादन पद्धत आणली, तिच्यात फवारणीच्या आधी निरीक्षणाची लेखी नोंद ही अटच होती : कीड मोजली का, पातळी ओलांडली का, मगच औषध. युरोपच्या बाजाराला कमी अवशेष हवे होते, म्हणून निर्यातदार उत्पादक काही वर्षांतच या पद्धतीवर आले आणि जुन्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांचा वापर झपाट्याने कोसळला. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना हे सांगण्याची गरज नाही; २०१० मध्ये युरोपने वाढनियंत्रकाच्या अवशेषांवरून द्राक्षे अडवली, तेव्हा नोंदवहीची किंमत त्यांना कळली. काश्मिरी सफरचंदाचा बहुतेक माल देशातच खपतो. आझादपूर किंवा वाशीच्या बाजारात रंग पाहतात, आकार पाहतात, डाग पाहतात. अवशेष कोणी विचारत नाही. हा दबाव आपण ग्राहकांनी कधी निर्माणच केला नाही.

नवी, निवडक औषधे आली आहेत, ती मित्रकीटकांना मारत नाहीत, मग एवढा घोळ कशाला, असेही म्हटले जाते. औषधे सुधारली हे खरे. अमेरिकेत १९९६ च्या अन्न-गुणवत्ता कायद्यानंतर ॲझिनफॉस-मिथाइलसारखी जहाल द्रव्ये टप्प्याटप्प्याने गेली, आणि त्यांच्या जागी आलेली बरीच सौम्य आहेत. पण एकाच हत्याराचा सतत वापर केला तर सौम्यपणाही वाचवत नाही. कॉडलिंग पतंगाला मारणारा एक विषाणू १९६० च्या दशकात मेक्सिकोत सापडला. तो फक्त याच आणि काही जवळच्या पतंगांना मारतो, माणसाला, मधमाशीला काही करत नाही. युरोपच्या सेंद्रिय बागांनी अनेक वर्षे त्याच्यावर भिस्त ठेवली. २००५ च्या सुमारास जर्मनीतून बातमी आली, की काही बागांतला पतंग या विषाणूलाही सरावला आहे.

राहता राहिला छोट्या जमिनीचा प्रश्न. काश्मीरमध्ये बहुतेकांची बाग एक हेक्टरच्या आतली. खोऱ्याने एकत्र कृती करावी हे बोलायला सोपे, पण करणार कोण? इथे महाराष्ट्राकडे उत्तराचा एक तुकडा आहे. २००२ मध्ये सांगली भागात उसावर पांढरा लोकरी मावा आला आणि बघता बघता राज्यभर पसरला. ही सफरचंदावरच्या माव्यापेक्षा वेगळी जात, पण प्रश्न तोच : हजारो लहान शेते, उडणारी कीड. सुरुवातीला औषधांची धावपळ झाली. अखेर तो आटोक्यात आला डिफा, मायक्रोमस यांसारख्या मित्रकीटकांनी. आणि ते शेतोशेती पोहोचवण्याच्या कामात कृषी विद्यापीठांबरोबर साखर कारखान्यांची यंत्रणा उपयोगी पडली. कारखान्याचे कार्यक्षेत्र हे आयते खोरे होते. सफरचंदाच्या पट्ट्यात तसा कारखाना नाही, पण शीतगृहे आहेत, उत्पादक कंपन्या आहेत, पंचायती आहेत. गावाच्या पातळीवर दहा-बारा सापळे, एक तापमान नोंदणारे यंत्र आणि आठवड्याला पाने मोजणारा एक पगारी माणूस, एवढ्यानेही तारखेऐवजी निरीक्षणावर फवारणी करता येते. त्याचा खर्च दोन-तीन अनावश्यक फवाऱ्यांच्या बचतीतून निघण्यासारखा आहे. जमीन जितकी लहान, तितकी एकट्याच्या नियंत्रणाची शक्यता कमी. म्हणजे हा आक्षेप सामूहिक कृतीच्या बाजूनेच पुरावा देतो.

सामूहिक नियंत्रणाचे आपले सर्वांत यशस्वी उदाहरण तर बागेच्या बाहेर आहे, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. कॉडलिंग पतंग लडाखमध्ये आहे आणि काश्मीर खोऱ्यात पसरलेला नाही, याचे श्रेय दोन गोष्टींना : मध्ये उभा असलेला साडेअकरा हजार फुटांवरचा झोजी-ला घाट, आणि १९१४ च्या कीड कायद्याच्या आधारे लडाखमधून ताजी फळे बाहेर नेण्यावर दीर्घकाळ असलेली बंदी. या बंदीची किंमत लडाखच्या शेतकऱ्यांनी मोजली. त्यांची उत्तम जर्दाळू वर्षानुवर्षे वाळवूनच बाहेर गेली. २०२१ मध्ये ताजी जर्दाळू विमानाने दुबईला गेली, ही वाट मोकळी होणे न्याय्यच आहे. मात्र आता झोजी-लाखालून बोगदा खोदला जात आहे. रस्ता बाराही महिने उघडा झाला, की फळांच्या पेट्या, रिकामे क्रेट, जळाऊ लाकूड सगळेच जा-ये करील, आणि कोश विणून बसलेली अळी क्रेटच्या फटीत सहज मावते. दुसरीकडे मुंबईच्या बंदरात इराण, तुर्कस्तान, अमेरिकेची सफरचंदे उतरतात. या सगळ्या देशांत हा पतंग आहे. बंदरातल्या तपासणीत हयगय झाली, तर त्याचा फटका मुंबईला बसणार नाही, काश्मीरच्या शोपियानला आणि हिमाचलच्या रोहडूला बसेल.

लडाखच्या बागायतदारांना एकटे पाडून हे संरक्षण टिकणार नाही. खोडाभोवती गोणपाट गुंडाळून त्यात शिरलेल्या अळ्या जाळणे, पडलेली फळे रोज उचलणे, आणि कारगिल-लेहच्या गावागावांत एकाच वेळी कामगंधाचे तंत्र वापरणे, याचा खर्च केंद्र सरकारने उचलावा. त्याचा सर्वांत मोठा लाभ लडाखला नाही, काश्मीर आणि हिमाचलला होणार आहे. ओकानागनमध्ये बाग नसलेल्यांनीही कर भरला, तो याच हिशेबाने. कॉडलिंग पतंग एकदा काश्मीर खोऱ्यात स्थिरावला, तर आज ज्या बागांना काही किडी सोसण्याची मुभा आहे ती संपेल आणि विषाचा थर तिथे सक्तीचा होईल. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी फळे आणि क्रेट तपासणारा कायमचा नाका बोगदा वाहतुकीला खुला होण्याआधी उभा राहिला पाहिजे. नंतर उभारलेल्या नाक्याचा उपयोग होणार नाही.